गादीचा फोम कसा पारखावा आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत कसा टिकवावा

दुकानात गादी निवडताना बहुतेक जण ती तळहाताने दाबतात, कडेवर क्षणभर बसतात आणि ‘चांगली कडक आहे’ किंवा ‘छान मऊ आहे’ असे म्हणून पैसे मोजतात. या तपासणीतून गादीचा कडकपणा तेवढा कळतो. ती किती वर्षे टिकेल हे कळत नाही. फोमचा कडकपणा आणि फोमची घनता हे दोन वेगळे गुण आहेत. कारखान्यात रसायनांचे प्रमाण बदलून कमी घनतेच्या, हलक्या फोमलाही बराच कडकपणा आणता येतो. असा फोम नवा असताना हाताला भरीव लागतो, पण एक-दोन पावसाळे उलटले की कमरेखाली त्याला खळगा पडतो आणि झोपणाऱ्याची पाठ धरू लागते. उलट जास्त घनतेचा फोम मऊ असूनही वर्षानुवर्षे आकार सोडत नाही. म्हणून गादी घेताना पहिला प्रश्न कडकपणाचा नसून घनतेचा असावा, आणि तो विचारण्याची व तपासण्याची रीत प्रत्येक घराला माहीत असावी, असे मला मनापासून वाटते.

कोकणात या माहितीची गरज अधिक आहे. पूर्वी घरोघरी कापसाच्या गाद्या असत. त्या दबल्या की पिंजारी येऊन कापूस पिंजून देई आणि तीच गादी पुन्हा फुगून उभी राही. फोमला दुसरा जन्म नाही. एकदा त्याची जाळी मोडली की ती कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. त्यातच जूनपासून सप्टेंबरपर्यंतची ओली हवा, समुद्राची खारट दमट झुळूक, आणि शिमगा किंवा मे महिना आटोपल्यावर थेट गणपतीपर्यंत बंद राहणारी चाकरमान्यांची घरे, या सगळ्याचा भार फोमवर पडतो. हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी पाहुण्यांसाठी खोल्या चालवणाऱ्यांना तर एकदम आठ-दहा गाद्या घ्याव्या लागतात, आणि तिथे एक चुकीची निवड दहा वेळा भोवते.

फोम खचतो म्हणजे नेमके काय होते

गाद्यांमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा फोम पॉलियुरेथेनचा असतो. या पदार्थाचे रसायनशास्त्र ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत विकसित केले, आणि त्यापासून मऊ, लवचीक फोम व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागला तो १९५०च्या दशकात. पॉलिओल आणि आयसोसायनेट ही दोन मुख्य रसायने थोड्या पाण्यासह मिसळली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, मिश्रण फुगते आणि काही मिनिटांत त्याचा मोठा ठोकळा तयार होतो. तव्यावरच्या घावनाला जशी जाळी पडते तशीच जाळी या ठोकळ्यात आरपार असते, मात्र इथे भोके अतिशय बारीक असतात आणि त्यांच्या मधल्या दोऱ्यांसारख्या काड्या हाच फोमचा खरा देह असतो. एका घनमीटरला ४० किलो भरणाऱ्या चांगल्या फोममध्येही सुमारे ९७ टक्के जागा हवेची असते; उरलेल्या तीन टक्क्यांनी माणसाचे सगळे वजन रोज रात्री पेलायचे असते.

प्रत्येक कुशीबरोबर या काड्या वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. घनता कमी असेल तर काड्या बारीक किंवा विरळ असतात, त्यांच्यावर पडणारा ताण वाढतो, आणि काही महिन्यांत त्या थकतात, पिचतात, एकमेकींना चिकटतात. त्यातून दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे गादीची जाडी कमी होते. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही: जाडी जवळजवळ तेवढीच राहते, पण फोमचा जोर जातो आणि झोपल्यावर शरीर थेट फळीला टेकल्यासारखे वाटते. नव्या गादीचा कडकपणा पहिल्या काही आठवड्यांत थोडा उतरतो हे स्वाभाविक आहे, मात्र त्यानंतर तो स्थिर राहिला पाहिजे.

उष्णता आणि ओलावा ही झीज वाढवतात. पॉलियुरेथेनचे दोन मोठे वर्ग आहेत. पॉलिएस्टरवर आधारलेला फोम दमट हवेत पाण्याच्या संयोगाने हळूहळू तुटत जातो आणि शेवटी हातात भुगा होतो. पॉलिईथरवर आधारलेला फोम ओलाव्यापुढे बराच अधिक टिकाव धरतो, आणि गाद्यांसाठी सहसा तोच वापरतात. मात्र ऊन आणि हवेतील प्राणवायू यांपुढे पॉलिईथर दुबळा ठरतो. पुढे पावसाळ्यातील काळजीबद्दल जे सांगितले आहे त्याचे मूळ या गुणात आहे.

घनतेचे आकडे आणि त्यांचा अर्थ

घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असे म्हणतात तेव्हा त्यांना हेच सांगायचे असते. साध्या पॉलियुरेथेन फोमसाठी माझा ठोकताळा असा आहे. १८ ते २३ घनतेचा फोम पाठीच्या उशा, कव्हरमध्ये शिवायचे पातळ थर यांपुरता ठीक असतो. रोज झोपायच्या गादीचा तो गाभा होऊ शकत नाही. २८ ते ३२ घनतेचा फोम लहान मुलांच्या किंवा वर्षातून मोजके दिवस वापरात येणाऱ्या गादीला चालतो. प्रौढ माणसाला रोज झोपण्यासाठी ४०च्या आसपासची घनता मागावी, आणि वजन नव्वद किलोच्या पुढे असेल तर त्याहून वर जावे. निवासाच्या खोल्यांमध्ये माणसे बदलत राहतात, कधी एका गादीवर दोनच्या जागी तीन जण झोपतात, मुले उड्या मारतात. म्हणून तिथेही ४०च्या खाली उतरू नये.

कडकपणा मात्र स्वतःच्या सवयीप्रमाणे आणि शरीराप्रमाणे निवडावा. प्रयोगशाळेत तो मोजताना फोम त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबायला किती बळ लागते हे पाहतात, आणि मग ६५ टक्के दाबायला किती लागते हेही पाहतात. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागल्यावर येणारी संख्या फार बोलकी असते. ती जास्त असेल तर गादी वरून मऊ लागते, पण आत शरीराला आधार देते. साध्या फोममध्ये हे गुणोत्तर दोनच्या आसपास असते. एचआर, म्हणजे हाय रेझिलियन्स, फोममध्ये ते अडीचच्या जवळ किंवा पुढे जाते. त्यामुळे त्याच घनतेत साधा आणि एचआर असे दोन फोम समोर असतील आणि खिशाला परवडत असेल, तर मी निःशंकपणे एचआर घ्यायला सांगेन.

वजन करून घनता कशी काढावी

लेबलवर घनता लिहिलेली असेलच असे नाही, आणि लिहिलेली असली तरी ती पडताळून पाहणे अवघड नाही. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व त्याला ६१,००० ने भागावे. येणारा आकडा घनमीटरमध्ये आकारमान सांगतो. सहा फूट बाय तीन फूट, पाच इंच जाडीची एका माणसाची गादी घेतली तर ७२ गुणिले ३६ गुणिले ५ म्हणजे १२,९६०, आणि त्याला भागल्यावर सुमारे ०.२१२ घनमीटर. तिचा फोम खरोखर ४० घनतेचा असेल तर एकट्या फोमचे वजन साडेआठ किलोच्या आसपास भरले पाहिजे. २८चा असेल तर सहा किलोला थोडे कमी, आणि १८चा असेल तर चार किलोही भरणार नाही. ७५ बाय ६० इंच, सहा इंच जाडीच्या दोघांच्या गादीत ४० घनतेचा फोम जवळजवळ पावणेअठरा किलोचा होतो. कव्हरचे वजन यात वेगळे धरावे, कारण जाड शिवणकामाचे कव्हर किलो-दीड किलो सहज वाढवते. तालुक्याच्या बाजारात बहुतेक दुकानांत किंवा शेजारच्या वखारीत मोठा वजनकाटा मिळतो, तेव्हा गादी काट्यावर ठेवायला सांगण्यात संकोच करू नये.

फोम सुटा घेऊन गादी शिवून घेणार असाल तर काम आणखी सोपे होते. दुकानदाराकडून त्याच शीटचा तुकडा मागून घ्यावा आणि तो नीट दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि दहा जाड असा कापावा. हे बरोबर एक लिटर आकारमान झाले. आता त्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितकीच त्या फोमची घनता: ४० ग्रॅम भरले तर ४०, २८ भरले तर २८. शीट पाच सेंटिमीटरचेच असेल तर आलेले वजन दुप्पट करावे. यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा हवा; किराणा दुकानातील काट्यावर इतका बारीक फरक नीट कळत नाही.

वजन पाहून लगेच निश्चिंत होऊ नये, कारण वजन वाढवण्याच्या युक्त्याही आहेत. स्वस्त फोममध्ये कधीकधी खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेली असते. तिने घनतेचा आकडा फुगतो, पण काड्यांना बळ मिळत नाही, उलट फोम ठिसूळ होतो. तुकड्याची फाटलेली कड काळ्या कापडावर जोराने घासावी. कापडावर पांढरी भुकटी पडली तर तो फोम परत करावा.

दुसरी परीक्षा उभारीची. तोच तुकडा दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून निम्म्या जाडीपर्यंत दाबावा, सुतळीने किंवा सुताराच्या शिकंज्याने घट्ट बांधावा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. प्रयोगशाळेत हीच चाचणी ७० अंश सेल्सिअस तापमानाला २२ तास करतात आणि दाब काढल्यावर अर्ध्या तासाने जाडी मोजतात. घरातील चाचणी त्या मानाने सौम्य आहे, म्हणूनच तिच्यात फोमने हार मानली तर तो निश्चितच कच्चा समजावा. दाब काढून अर्धा तास झाल्यावर दहा सेंटिमीटरचा तुकडा साडेनऊपेक्षा कमी भरला, तर मी तो गादीला लावणार नाही.

भारतीय मानक ब्युरोचे घरगुती गाद्यांसाठीच्या लवचीक पॉलियुरेथेन फोमचे मानक आयएस ७९३३ हे आहे, आणि काथ्याच्या रबर लावलेल्या शीटसाठी आयएस ८३९१. मोठी खरेदी असेल तर या मानकांप्रमाणे चाचणी झाल्याचा कागद विक्रेत्याकडे मागता येतो.

बाजारात मिळणारे इतर थर

बहुतेक तयार गाद्या एकाच फोमच्या नसतात. वर दोन इंच चांगला थर, मध्ये काहीतरी आणि खाली काहीतरी, अशी त्यांची रचना असते, आणि जाहिरात नेमकी वरच्या थराची असते. म्हणून ‘मेमरी फोमची गादी’ हे उत्तर पुरेसे मानू नये. तो थर किती इंचांचा, त्याची घनता किती, त्याखाली काय आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. कव्हरला चेन असेल तर ती उघडून पाहण्याची परवानगी मागावी. चेन शिवून बंद केलेली असेल आणि विक्रेता थरांची माहिती देत नसेल, तर दुसरे दुकान गाठणे चांगले. ‘ऑर्थो’, ‘लक्झरी’ असे शब्द टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत.

रिबॉन्डेड फोम हा कापकामातून उरलेल्या तुकड्यांना चिकटद्रव्य लावून, दाबून तयार केलेला असतो. रंगीबेरंगी ठिपक्यांवरून तो लगेच ओळखू येतो. त्याची घनता ६० ते १०० किंवा त्याहूनही जास्त असते, आणि इथेच अनेकांची फसगत होते, कारण हा आकडा साध्या फोमच्या आकड्याशी तोलता येत नाही. त्यातले तुकडे मुळात हलक्या फोमचे असू शकतात. वजन येते ते दाबण्यामुळे आणि चिकटद्रव्यामुळे. तळाचा पक्का थर म्हणून तो चांगले काम देतो, पण त्याच्यावर किमान दोन इंच चांगला फोम हवा. बांधणी कच्ची असेल तर कडेचे तुकडे बोटांनी ओढताच सुटतात, तेव्हा दुकानातच कड ओढून पाहावी.

ईपीई म्हणजे पॉलिइथिलीनचा फोम. नवी टीव्ही किंवा फ्रिज खोक्यातून काढताना जे पांढरे, कडक, अतिशय हलके आवरण हाती येते, ते याच जातीचे. स्वस्त ‘कडक’ गाद्यांमध्ये त्याची शीट सर्रास घातलेली असते. त्याचे बुडबुडे बंद असल्यामुळे पाणी शिरत नाही, परंतु घामही बाहेर जात नाही, आणि सततच्या भाराने बुडबुडे कायमचे चपटे होतात. नखाने दाबल्यावर खूण तशीच राहिली आणि हाताळताना करकर आवाज आला, तर ते ईपीई आहे असे समजावे. रोजच्या गादीत त्याला थारा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेमरी फोम १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानांच्या आसनांकरिता विकसित केला. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि आकार घेतो. चांगल्या मेमरी फोमची घनता ५० किंवा त्याहून जास्त असते. कोकणातल्या उकाड्यात तो आणखी सैल पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो, म्हणून तो घ्यायचाच असेल तर वर दीड-दोन इंचांच्या थरापुरता घ्यावा आणि खाली एचआर फोम असावा.

नैसर्गिक लॅटेक्स रबराच्या चिकापासून बनते. दोडामार्ग भागात रबराच्या बागा पाहिलेल्यांना हा चीक परिचित असेल. लॅटेक्सची घनता साधारण ६५ ते ९५ असते, त्याची उभारी उत्कृष्ट असते आणि माझ्या पाहणीत दमट हवेत टिकण्याच्या बाबतीत ते सर्वांत विश्वासाचे आहे. किंमत मात्र जड आहे, आणि ‘लॅटेक्स’ या नावाखाली कृत्रिम रबराचे मिश्रणही विकले जाते, त्यामुळे नैसर्गिक लॅटेक्स किती टक्के हे बिलावर लिहून घ्यावे. पॉलियुरेथेनप्रमाणेच यालाही ऊन मुळीच सोसत नाही. उन्हात राहिलेल्या लॅटेक्सचा पृष्ठभाग पिवळा पडून कडक होतो आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात.

काथ्याची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून दाबलेली, गादी आपल्या हवेला मानवते, कारण तिच्यातून वारा खेळतो आणि घाम साठत नाही. तिचा दोष असा की ती दबली की पुरती वर येत नाही. मध्यभागी हळूहळू बसत जाते. कडक झोपण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी खाली काथ्या आणि वर दोन इंच ४० घनतेचा फोम ही जोडी मला फार समाधानकारक वाटते. स्प्रिंगच्या गाद्यांबद्दल इतकेच सांगतो की समुद्रालगतच्या घरात तारांना गंज चढतो. किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा.

बिल, हमीपत्र आणि वाहतूक

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर गादीचे माप, थर व घनता लिहून मागावी. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, तयार झाल्याचा महिना व वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. ते पाहावे, कारण गुंडाळून हवा काढलेली गादी महिनोन्‌महिने दबलेल्या स्थितीत राहिली असेल तर ती पूर्ण फुलत नाही. हमीपत्रातील वर्षांचा आकडा पाहून भुलू नये. अनेक हमीपत्रांत ठरावीक खोलीपेक्षा जास्त खळगा पडला तरच दावा मान्य होतो, मऊपणा वाढल्याचा दावा होत नाही, आणि गादीवर डाग असेल किंवा खालचा पलंग योग्य नसेल तर हमी संपते.

मुंबईहून टेम्पोत किंवा गाडीच्या टपावर गादी आणताना ती मधोमध दुमडून सुंभाने करकचून बांधण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. काथ्या आणि रिबॉन्डेडचा थर दुमडलेल्या जागी मोडतो, आणि दोरीचा वळ पडतो तिथे पुढे खळगा तयार होतो. गादी सपाट किंवा आडव्या कडेवर उभी ठेवून, रुंद पट्ट्याने सैल बांधून आणावी. गुंडाळलेल्या गादीचे वेष्टन घरी आल्यावर लगेच काढावे आणि दोन दिवस ती पंख्याखाली मोकळी ठेवावी.

पलंग आणि हवा

चांगला फोम चुकीच्या पलंगावर लवकर मरतो. आपल्याकडे दिवाण किंवा सामान ठेवायच्या पेटीचा पलंग लोकप्रिय आहे, आणि त्याची वरची प्लायवूड सलग, भोक नसलेली असते. माणसाचा घाम रात्रभर फोममधून खाली उतरतो, थंड फळीला लागून तिथेच साठतो आणि पावसाळ्यात गादीच्या पाठीवर काळ्या-हिरव्या ठिपक्यांची बुरशी धरते. सुताराला सांगून फळीत सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोके पाडून घ्यावीत. नवा पलंग करताना पट्ट्यांचा करावा. दोन पट्ट्यांत दोन ते तीन इंचांचे अंतर असावे, त्याहून जास्त अंतर ठेवल्यास फोम फटीत उतरतो आणि तिथे त्याच्या काड्या तुटतात. रुंद पलंगाला मध्ये आधाराचा पाय हवाच.

चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल ओढतात, म्हणून पलंग भिंतीपासून वीतभर तरी दूर ठेवावा. जमिनीवरच झोपायची सवय असेल तर सारवलेल्या किंवा लादीच्या जमिनीवर फोम थेट टाकू नये. खाली लाकडी फळ्यांचा पाट किंवा निदान जाड चटई घालावी आणि सकाळी गादी उभी करून ठेवावी. कारखान्यातून आलेले प्लॅस्टिक ‘गादी मळू नये’ म्हणून तसेच ठेवणारी घरे मी पाहतो तेव्हा वाईट वाटते, कारण त्या प्लॅस्टिकखाली गादी आतून ओली होत राहते. ते काढून सुती कव्हर घालावे. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर वर जलरोधक पण हवा जाऊ देणारे संरक्षक कापड घालावे, रेक्झिन नको.

पावसाळा आणि बंद घर

कापसाची गादी उन्हात टाकायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आपण फोमलाही लावतो, आणि तेच त्याला घातक ठरते. फोमला वारा हवा, ऊन नको. पावसाने उघडीप दिली की चादर काढून गादी पडवीत किंवा खिडकीजवळ सावलीत कडेवर उभी करावी आणि दोन-तीन तास वारा लागू द्यावा. पंखा लावला तर आणखी चांगले. अंथरूण उठल्याबरोबर घट्ट झाकून टाकू नये. तासभर चादर दूर सारून ठेवल्याने रात्रीचा दमटपणा निघून जातो. फोम थोडा पिवळसर झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तो उजेड आणि हवेचा परिणाम आहे. मात्र हात फिरवल्यावर भुगा हाताला लागत असेल तर झीज आत पोहोचली आहे.

पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी गादी पालथीही करावी. पण वर मऊ थर असलेली एकतर्फी गादी कधीही पालथी करू नये.

घर बंद करून जाणाऱ्यांनी गाद्या एकावर एक रचून प्लॅस्टिकमध्ये बांधू नयेत. खालच्या गादीवर महिनोन्‌महिने भार राहतो आणि आत अडकलेली ओल बुरशी वाढवते. निघण्याआधी दोन दिवस गाद्या वाऱ्यावर सुकवाव्यात, प्रत्येकीला जुन्या सुती चादरीचे आवरण घालावे आणि माजघरात, कौलांखालच्या गळतीच्या जागा टाळून, पलंगावर किंवा फळीवर सपाट अंथरून ठेवाव्यात. उंदीर फोम कुरतडून घरटे करतात, तेव्हा जवळ धान्याचा कण राहू देऊ नये. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर महिन्यातून एकदा खिडक्या उघडायची विनंती करावी.

छप्पर गळून गादी स्वच्छ पाण्याने भिजली तर ती पिळू नये, पिळल्याने जाळी फाटते. जाड पंचे ठेवून तळव्यांनी दाबत पाणी शोषून घ्यावे, मग कडेवर उभी करून दोन्ही बाजूंनी पंखे लावावेत. सहा इंच फोम आतपर्यंत सुकायला दोन दिवसांहून जास्त लागू शकतात. कुबट वास येत असेल तोवर ती सुकलेली नाही असे धरावे. पुराच्या पाण्याने भिजलेली गादी मात्र वाचवण्याच्या प्रयत्नात पडू नये. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये घराघरांत शिरले तेव्हा त्याबरोबर चिखल आणि सांडपाणीही आले होते. असे पाणी फोमच्या जाळीत गेले की ते बाहेरून कितीही धुतले तरी आतून स्वच्छ होत नाही.

गादी बदलायची वेळ आली का

गादीवर आडवी काठी किंवा ताणलेली दोरी धरावी आणि सर्वांत खोल जागेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. इंचभर किंवा त्याहून जास्त खळगा दिसला तर आधी गादी सपाट जमिनीवर ठेवून पुन्हा मोजावी, कारण कित्येकदा दोष फळीचा असतो आणि खर्च गादीवर होतो. जमिनीवरही खळगा तसाच असेल तर कव्हर उघडून कोणता थर बसला आहे ते पाहावे. बहुधा वरचा दोन इंचांचा थर गेलेला असतो आणि तळ शाबूत असतो; अशा वेळी तेवढाच थर ४० घनतेच्या एचआर फोमचा बदलून घेतला तर गादीवाला थोड्या खर्चात ती पुन्हा उभी करून देतो.

काढून टाकलेल्या फोमच्या कडा सहसा चांगल्या असतात. त्या कापून ओटीवरच्या बाकाची बैठक किंवा खुर्चीच्या उशा करता येतात. उरलेला भाग कचरागाडीकडे द्यावा. शेतातल्या भाजावळीत किंवा परसातल्या पातेऱ्याच्या आगीत तो कधीही टाकू नये, कारण जळणाऱ्या पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू असतात.